पिल्ले, धनराज

पिल्ले, धनराज : (१६ जुलै १९६८ – ). भारताचे विख्यात हॉकीपटू, आघाडीचे खेळाडू व संघनायक. जन्म पुण्यालगतच्या खडकी येथे. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात ते भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा खेळलेला एकमेव हॉकीपटू, असा त्यांचा उल्लेख केला जातो.

पूर्वायुष्य : कुटुंब तमिळभाषक. वडील नागलिंगम खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची देखभाल करीत; आई अंदालम्मा. कारखान्याच्या वसाहतीत भाऊ आणि शेजारची मुले यांच्याबरोबर धनराज हॉकी शिकले. नवी स्टिक परवडत नसे. मोडलेल्या स्टिका दोरीने आवळून बांधायच्या आणि टाकून दिलेले चेंडू उचलून आणायचे, असा खेळ चाले. मैदान मातीचे, पावसाळ्यात चिखलाचे. अशा जमिनीवर चेंडू सरळ येईल याचा भरवसा नसतो. तो स्टिकला लागून ठेवावा लागतो आणि उसळी घेताच मनगट वळवून आवरावा लागतो. धनराज यांच्या पुढच्या खेळातील चेंडूवरची हुकमत समजून घ्यायची तर या मातीपासूनच सुरुवात करावी लागते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघातील महंमद शाहिद हे त्यांचे दैवत. शाहिद यांची चाल ते वसाहतीच्या मैदानावर गिरवीत.

मुंबईतील कारकीर्द : १९८० च्या दशकाच्या मध्यास ते मोठे बंधू रमेश यांच्याकडे मुंबईस आले. रमेश तेव्हा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या (आर. सी. एफ.) संघातून मुंबईच्या साखळी स्पर्धेत खेळत, ते भारताकडूनही खेळले होते. भावाच्या हाताखाली धनराज यांची धाव आणि गोल करण्याची नजर घडली. पुढे महिंद्र अँड महिंद्र संघात त्यांना माजी ऑलिंपिकपटू ज्योआकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. नंतर ते इंडियन एअरलाइन्सकडून खेळले.

त्या काळी भारतात हॉकी हा पोट भरण्याचा धंदा नव्हता. खेळाडूला कंपनी, रेल्वे किंवा बँक नोकरी देई आणि तो तिच्या संघातून आगाखान चषक, मुंबई सुवर्णचषक यांसारख्या स्पर्धा खेळे. मुंबईची हॉकी या कचेरी-संघांवरच उभी होती. खडकीच्या मुलाला भारताच्या संघापर्यंत नेणारी वाट याच संघांतून गेली, म्हणून त्यांच्या चरित्रात या वर्षांचे मोल मोठे आहे.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द : १९८९ च्या नवी दिल्लीतील आशिया चषक स्पर्धेत पदार्पण; भारत उपविजेता. ऑलिंपिकमध्ये १९९२ (बार्सिलोना) सातवा, १९९६ (अटलांटा) आठवा, २००० (सिडनी) सातवा, २००४ (अथेन्स) सातवा क्रमांक. विश्वचषकात १९९४ च्या सिडनी स्पर्धेतील पाचवा क्रमांक सर्वोत्तम. त्या स्पर्धेनंतर निवडलेल्या जागतिक संघात धनराज यांना स्थान मिळाले. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९०, १९९४ व २००२ मध्ये रौप्यपदक.

१९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते संघनायक होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलरक्षक आशिष बल्लाळ यांच्या बचावामुळे सुवर्णपदक भारताकडे आले. याआधीचे आशियाई सुवर्ण १९६६ चे, तेही बँकॉकमध्येच मिळालेले. मधल्या ३२ वर्षांत ते हुलकावणी देत राहिले होते. या विजयानंतर लगेच धनराज यांच्यासह काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. खेळाडूंना विश्रांती दिली, असे भारतीय हॉकी महासंघाचे म्हणणे. भत्ते व सोयींबद्दल उघडपणे बोलल्याची ती शिक्षा होती, असा समज क्रीडावर्तुळात रूढ आहे.

सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडवर विजय मिळाला असता तर भारत उपांत्य फेरीत गेला असता. भारत १–० ने पुढे होता. अखेरच्या मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली.

२००२ च्या कोलोन येथील चॅम्पियन्स करंडकात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू. २००३ च्या क्वालालंपूर आशिया चषकात त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४–२ ने हरवून हा चषक प्रथमच जिंकला. अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर प्रशिक्षक बदलून जर्मनीचे गेरहार्ड राख आले. त्या स्पर्धेनंतर धनराज यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

खेळाची शैली : पाच आघाडीपटूंच्या जुन्या रचनेत राइट आउट आणि लेफ्ट आउट यांनी कडेने धावून चेंडू मध्ये द्यावा, असा प्रघात होता. धनराज यांच्या पिढीत या जागा सैल झाल्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले होते. १९९० च्या दशकात हवे तितके खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली आणि ऑफसाइडचा नियम गेला. वेग व दमसास यांना महत्त्व आले. धनराज यांच्याकडे दोन्ही होते. मध्यरेषेजवळून चेंडू घेऊन बचावपटूंना चुकवीत गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत (डी) एकट्याने जाणे, ही त्यांची ओळख. मातीवरची मनगटाची कला आणि कृत्रिम मैदानाचा वेग ज्यांच्या खेळात एकत्र नांदला, अशा भारतीय आघाडीपटूंत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

परदेशी व व्यावसायिक संघ : इंडियन जिमखाना (लंडन), एच. सी. लिऑं (फ्रान्स), श्टुटगार्ट किकर्स (जर्मनी), अबाहानी (ढाका), तसेच मलेशिया व हाँगकाँगमधील संघ. प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स, २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीमध्ये कर्नाटक लायन्स.

सन्मान : अर्जुन पुरस्कार (१९९५), राजीव गांधी खेलरत्न (१९९९–२०००), पद्मश्री. खेलरत्न मिळवणारे ते पहिले हॉकीपटू.

चरित्रग्रंथ : संदीप मिश्रा यांचे ‘फरगिव्ह मी अम्मा’ (इंग्रजी).

गोलसंख्या : त्यांचे सामने मोजले गेले, गोल मोजले गेले नाहीत. भारतीय हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंद ठेवली नाही. १७० च्या आसपासचा जो आकडा सांगितला जातो, तो खेळाडूच्या आणि आकडेवारी जमवणाऱ्या हौशी मंडळींच्या टिपणांवर आधारलेला आहे. क्रिकेटमध्ये स्थानिक सामन्यातील धावाही वहीत उतरतात. हॉकीत देशासाठी पंधरा वर्षे आघाडीवर खेळलेल्या माणसाचे गोल अंदाजाने सांगावे लागतात. त्या काळातील सामन्यांची वृत्तपत्रीय वार्तापत्रे ग्रंथालयांतून जुळवून ही यादी सिद्ध करणे अजूनही शक्य आहे, आणि ते काम व्हायला हवे.