फ्रँकलिन रस्त्यावरची विमा कचेरी

1960 साली अमेरिकेतल्या सेल्मा या अलाबामा राज्यातल्या गावाची वस्ती होती सुमारे 28 हजार. त्यांतले निम्मे कृष्णवर्णीय. आसपासच्या डॅलस परगण्यासह मतदानाच्या वयाचे सुमारे 15 हजार कृष्णवर्णीय इथे राहत, पण 1965 उजाडलं तेव्हा त्यांच्यातल्या जेमतेम 2 टक्के लोकांची नावं मतदारयादीत होती. नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची. तिथे राज्यघटनेवरचे प्रश्न, शिवाय आधीच्या एखाद्या मतदाराची साक्ष हवी. आणि एवढं करून रांगेत उभं राहिलेला माणूस गोऱ्या मालकाच्या नजरेस पडला, तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

सेल्मात मताधिकारासाठी झटणाऱ्या अमेलिया बॉयन्टन यांचं मोठेपण इथे कळतं. त्यांचं पोट गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हतं. फ्रँकलिन रस्त्यावर बॉयन्टन दांपत्याची विमा आणि जमीनजुमल्याच्या व्यवहारांची कचेरी होती, नोकऱ्या मिळवून देण्याचं कामही तिथून चाले. गिऱ्हाईक कृष्णवर्णीयच. त्यामुळे इतरांना परवडणार नाही ते धाडस त्यांना करता येत होतं, आणि ते त्यांनी केलं.

अमेलिया मूळच्या जॉर्जियातल्या सव्हानाच्या. लहानपणी आईबरोबर घोडागाडीतून फिरत त्यांनी बायकांच्या मताधिकाराची पत्रकं वाटली होती. टस्कीगीत गृहविज्ञान शिकून त्या सरकारी शेतीखात्यात लागल्या. डॅलस परगण्यातल्या शेतकरी घरांत जाऊन अन्न टिकवणं, सकस खाणं, घर चालवणं शिकवायचं, असं ते काम. त्याच फेऱ्यांतून कुणावर किती कर्ज, कुणाला कशाची भीती, हे त्यांना घरोघर ठाऊक झालं. 1930च्या दशकातच त्यांनी स्वतःचं नाव मतदारयादीत नोंदवलं. पती सॅम्युअल यांच्यासह परगण्याच्या मतदार संघटनेत त्या वर्षानुवर्षं खपल्या आणि अर्ज कसा भरायचा ते लोकांना शिकवत राहिल्या.

1963 साली सॅम्युअल गेले. टॅबरनॅकल बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांची शोकसभा झाली आणि तीच सेल्मातली मताधिकाराची पहिली मोठी सभा ठरली. पुढच्याच वर्षी अमेलिया डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, जागेसाठी उभ्या राहिल्या. अलाबामातून अशी उमेदवारी करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. मतं सुमारे 10 टक्केच पडली, पण ज्यांना मत द्यायचं होतं त्यांतल्या बहुतेकांची नावंच यादीत नव्हती.

जुलै 1964मध्ये एका न्यायाधीशाने तीन किंवा त्याहून जास्त लोकांनी जमून मताधिकाराची चर्चा करण्यावरच बंदी घातली. तेव्हा अमेलियांसह स्थानिक मंडळींनी नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन लूथर किंग यांना सेल्मात बोलावलं. अमेलियांचं घर आणि कचेरी या आंदोलनाचे अड्डे झाले. 19 जानेवारी 1965 रोजी न्यायालयासमोर शेरीफ जिम क्लार्कने त्यांच्या कोटाची कॉलर धरून त्यांना फरफटत नेलं. त्याचे फोटो देशभर छापून आले.

7 मार्चला मताधिकाराच्या मागणीसाठी सुमारे 600 माणसं एडमंड पेटस पुलावरून राज्याच्या राजधानीकडे, माँटगोमेरीकडे निघाली. पलीकडे राज्य पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन उभे होते. मार खाऊन अमेलिया बेशुद्ध पडल्या. त्यांचा तो फोटो जगभर गेला आणि वॉशिंग्टनला हलावंच लागलं. 6 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली, तेव्हा अमेलिया निमंत्रितांमध्ये होत्या.

सेल्मात केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी आले आणि वर्षानुवर्षं तुंबलेल्या रांगा पुढे सरकल्या. मे 1966मध्ये शेरीफपदाच्या प्राथमिक निवडणुकीत क्लार्क यांच्यासमोर विल्सन बेकर होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या सहा मतपेट्या स्थानिक पक्षसमितीने बाद ठरवल्या, प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं. न्यायालयाने त्या पेट्या मोजायला लावल्या आणि क्लार्क हरले.