समांतर पोर्ट आणि मराठी अक्षरांचे कुलूप

नाशिक जिल्ह्यातील विंचूर हे गाव पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्यामुळे इतिहासास परिचित आहे. त्या काळचा दप्तरी व्यवहार मोडी लिपीत चाले. आजच्या मराठी वाचकापुढे मोडी कागद ठेवला असता शाई शाबूत असते व दृष्टीही शाबूत असते. लोपलेला असतो तो लिहिणारा आणि वाचणारा यांना जोडणारा संकेत. नवीन संगणक जुना पोर्ट ओळखत नाही, या तक्रारीचे स्वरूप पुष्कळ अंशी असेच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी लेखनाचे भवितव्य तिच्याशी निगडित असल्यामुळे तिची मीमांसा करणे उचित ठरते.

समांतर पोर्टाचा उगम सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या प्रिंटरमध्ये आहे. १९८१ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकात ही जोडणी स्वीकारली आणि पंचवीस छिद्रांचा तो पोर्ट सर्वत्र रूढ झाला. या पोर्टास स्वतःचे नाव सांगता येत नसे. संगणक सुरू होताच त्यातील मूळ प्रणाली, म्हणजे बायॉस, काही ठराविक पत्त्यांवर एक अंक लिही व तोच परत वाचता येतो का ते पाही. अंक परत आला, की पोर्ट आहे असे मानले जाई. या पत्त्यांपैकी सर्वांत रूढ पत्ता सोळा-आधारी पद्धतीने ३७८, म्हणजे दशमान पद्धतीने ८८८ हा होता. सारांश, ही ओळख नावावर आधारलेली नव्हती. ती केवळ घराच्या क्रमांकावर आधारलेली होती. याउलट १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या यूएसबी पद्धतीत प्रत्येक उपकरण जोडले जाताच आपला निर्माता-क्रमांक व वस्तु-क्रमांक स्वतः कळविते.

मराठीचा संबंध येथे येतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्डाच्या रूपाने भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतावली प्रमाण ठरविली. तिच्यात अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जात. परंतु छपाईच्या व्यवसायात रूढ झालेल्या अनेक अक्षरजुळणी-प्रणालींनी निराळा मार्ग पत्करला. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविले. त्यामुळे त्यांत ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘क’ नंतर साठविला जाई. म्हणजे जतन होई ते अक्षराचे रूप, अक्षराची ओळख नव्हे. अशा कित्येक प्रणालींसोबत नक्कल रोखण्यासाठी समांतर पोर्टात खोचावयाचे एक लहान कुलूप दिले जाई. ते जागेवर सापडले नाही, तर प्रणाली चालत नसे.

पुढे संगणकाची घडण बदलली. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती संगणकांवरही पोर्टाशी परस्पर बोलण्यास सामान्य कार्यक्रमांना मज्जाव झाला व मध्यस्थ ड्रायव्हर आवश्यक ठरला. चौसष्ट-बिटी विंडोजमध्ये जुने ड्रायव्हर चालेनासे झाले आणि सोळा-बिटी कार्यक्रम तर मुळीच चालत नाहीत. अखेरीस पोर्टही संगणकावरून नाहीसा झाला.

म्हणून दोषाचा शोध क्रमाने घ्यावा लागतो. पोर्ट असूनही ओळखला जात नसेल, तर प्रथम बायॉसमध्ये तो बंद ठेवलेला आहे काय ते पाहावे. नंतर त्याचा पत्ता तपासावा. त्यानंतर कुलपाचा ड्रायव्हर चालू प्रणालीस अनुरूप आहे काय ते पाहावे. यूएसबीतून समांतर जोडणी देणारी तार येथे बहुधा निरुपयोगी ठरते. ती संगणकास आपण प्रिंटर असल्याचे सांगते. ८८८ या पत्त्यावर मात्र काहीच नसते. आत बसविलेल्या नव्या पीसीआय कार्डास पोर्ट असतो, पण बहुधा त्याचा पत्ता निराळा असतो, आणि जुना कार्यक्रम जुन्याच दारावर थाप मारीत राहतो.

यात पणास लागलेली वस्तू केवळ एक यंत्र नाही. त्या प्रणालींत जुळविलेली पुस्तके, नियतकालिके व स्थानिक पत्रे यांच्या मूळ प्रती कुलूप न उघडल्यास सुधारता येत नाहीत. त्या फाइली नुसत्या फाँटाच्या आधारे पाहता आल्या, तरी शोध व वर्गीकरण यांसाठी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर आवश्यक आहे. त्या रूपांतरासाठी कोणत्या क्रमांकावर कोणता आकार होता, हे सांगणारा तक्ता लागतो. मोडीच्या जाणकारांनी वर्णमाला जतन केली म्हणून दप्तरे वाचता येतात. या तक्त्यांचीही नोंद आजच झाली पाहिजे. जुने संगणक चालू स्थितीत आहेत तोवर त्यांतील मजकूर बाहेर काढणे हे भाषेच्या अभ्यासकांचे कर्तव्य होय. कारण कागदावरील मोडी निदान डोळ्यांस दिसते, चकतीवरील अक्षर तेवढेही दिसत नाही.