‘रिलिजन’ या शब्दाचा इतिहास आणि धम्म

तथागतांची शिकवण ईश्वर मानत नाही, अमर आत्मा मानत नाही. मग तिला ‘रिलिजन’ कसे म्हणावे, असा आक्षेप युरोपीय धर्मपंडितांनी दीर्घकाळ घेतला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात या आक्षेपाची दखल घेतली आहे. ‘रिलिजन’ या शब्दाला एकच निश्चित अर्थ नाही, तो अनेक अवस्थांतून गेलेला आहे, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. युरोपातील भाषांचा इतिहास या विधानाला कशी पुष्टी देतो, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोलिश, रशियन या भाषांतील शब्द ‘रेलिगिओ’ या एकाच लॅटिन शब्दावरून आले आहेत. प्राचीन रोममध्ये या शब्दाने कोणताही पंथ अथवा तत्त्वप्रणाली सूचित होत नसे. कृती करण्यापूर्वी मन ज्यामुळे थबकते ती धास्ती, ती दक्षता, हा त्याचा जुना अर्थ होता. इसवी सनपूर्व ३९० च्या सुमारास आलिया नदीकाठी गॉल टोळ्यांनी रोमन सैन्याचा पराभव केला, असे परंपरा सांगते. तो १८ जुलैचा दिवस पुढे ‘रेलिगिओसुस’, म्हणजे महत्त्वाचे काम हाती घेऊ नये असा वर्ज्य दिवस, मानला जाई.

शब्दाच्या मूळ धातूविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत. सिसेरोच्या देवविषयक संवादग्रंथात (इ. स. पूर्व ४५) तो ‘रेलेगेरे’, म्हणजे पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक पाहणे, यापासून साधला आहे. उपासनेशी संबंधित प्रत्येक बाब जे काळजीपूर्वक पडताळून पाहत, ते ‘रेलिगिओसी’. चौथ्या शतकाच्या प्रारंभी लॅक्टान्शियस या ख्रिस्ती लेखकाने ही व्युत्पत्ती स्पष्टपणे नाकारली. त्याने ‘रेलिगारे’, म्हणजे बांधणे, हा धातू पुढे केला व मनुष्य ईश्वराशी बांधला गेला आहे असा अर्थ लावला. अलीकडे एमिल बेंव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये शब्दघडणीच्या आधारे सिसेरोच्या बाजूने कौल दिला. असे असूनही ‘रिलिजन म्हणजे ईश्वराशी बांधणारे बंधन’ हीच व्याख्या शतकानुशतके सांगितली गेली. सेंट ऑगस्टिनच्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात मात्र एक महत्त्वाची कबुली आहे. सामान्य लॅटिन व्यवहारात आप्तस्वकीयांच्या व मानवी संबंधांच्या कर्तव्यपालनालाही ‘रेलिगिओ’ म्हणतात, हे त्याने नमूद केले आहे. म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे, हा आशय या शब्दाला अगदीच परका नव्हता.

शब्दाचा अर्थ सत्तेप्रमाणेही बदलला. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती मताला ‘सुपरस्टिशिओ’, अर्थात अंधश्रद्धा, ठरविले. इ. स. ३८० मध्ये त्याच साम्राज्याने ख्रिस्ती मताला राजमान्यता दिली, आणि जुन्या देवांच्या पूजेला अंधश्रद्धेच्या रकान्यात ढकलले गेले. श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती, हे ठरविण्याचा अधिकार तेवढा हस्तांतरित झाला.

मध्ययुगात शब्दाने आणखी एक वळण घेतले. ‘रेलिगिओ’ म्हणजे मठवासी साधूंचा संघ. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नव्या ‘रेलिगिओ’ स्थापण्यास मनाई केली. ही मनाई नव्या साधुसंघांना होती. फ्रेंच भाषेत ‘रिलिजनमध्ये प्रवेश करणे’ म्हणजे आजही मठाची दीक्षा घेणे, आणि स्पॅनिश ‘रेलिहिओसा’ म्हणजे जोगीण. या अर्थाने पाहिले तर विनयाने बांधलेला भिक्खुसंघ या शब्दात सहज बसला असता.

धर्मसुधारणेनंतर चित्र पालटले. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने जर्मन प्रदेशांत दोन ख्रिस्ती पक्षांना मान्यता दिली आणि ‘रिलिजन’ हे राज्यपरत्वे बदलणाऱ्या मताचे नाव होऊ लागले. १६२४ मध्ये एडवर्ड हर्बर्ट या इंग्रज विचारवंताने सर्व धर्मांना समान अशी पाच तत्त्वे सांगितली. त्यांतील पहिले तत्त्व परमेश्वराचे अस्तित्व हेच होते. युरोपीय पंडितांनी पौर्वात्य विचारधारा मोजल्या त्या अशाच मापाने.

ज्या भाषांनी स्वतःचे शब्द घडविले, त्यांच्यावरही हीच छाप दिसते. डच ‘खोट्सडीन्स्ट’ म्हणजे देवाची सेवा. फिनिश ‘उस्कोन्तो’ विश्वास या अर्थाच्या शब्दापासून, तर हंगेरियन ‘वालाश’ कबुली देणे या क्रियापदापासून आला. सेवा, विश्वास आणि कबुली हे या शब्दांचे आधार आहेत. शील व प्रज्ञा यांना त्यांच्या घडणीत स्थान नाही.

या मापातील उणीव उघडी पाडण्यास बुद्धधम्मच कारणीभूत झाला, ही बाब आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम याने १९१२ च्या आपल्या ग्रंथात ईश्वराच्या आधारे केलेली रिलिजनची व्याख्या फेटाळली, आणि त्यासाठी प्रमुख उदाहरण म्हणून बुद्धधम्म पुढे केला. धम्म व्याख्येत बसत नाही म्हणून त्याने धम्म वगळला नाही, व्याख्याच बदलली.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने कोणत्या ‘रिलिजन’चा अंगीकार करणाऱ्यास अनुसूचित जातीचा मानावे, याची मर्यादा घातली. त्यामुळे १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतलेल्यांना १९९० च्या दुरुस्तीपर्यंत केंद्राच्या सवलतींसाठी वाट पाहावी लागली. या एका शब्दावर हजारो घरांतील मुलांचे शिक्षण व नोकरी अवलंबून होती.

मग ‘धम्म’ या शब्दाला युरोपीय भाषेत योग्य प्रतिशब्द आहे काय? याचे एक उत्तर सम्राट अशोकाने कोरून ठेवले आहे. कंदाहार येथे १९५८ मध्ये ग्रीक व अरामी अशा दोन भाषांतील त्याचा शिलालेख सापडला. त्यात ‘धम्म’ या शब्दासाठी ग्रीकमध्ये ‘युसेबेइआ’, म्हणजे आदरयुक्त सदाचरण, हा शब्द योजला आहे. ग्रीक माणूस तो देवांसाठी वापरी, तसाच आईवडिलांसाठीही. लेखात सांगितले आहे ते प्राणिहत्येपासून निवृत्ती, संयम आणि मातापिता व वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळणे एवढेच. ईश्वरावर विश्वास ठेवा, असे त्यात कोठेही नाही. हा लेख उजेडात आला तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला दोन वर्षे होत आली होती. रिलिजन वैयक्तिक असू शकेल, धम्म मात्र मूलतः सामाजिक आहे, हा त्यांचा सिद्धान्त त्या शिळेशी किती जुळतो, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

कायद्याच्या व जनगणनेच्या रकान्यात आपण ‘रिलिजन’पुढे ‘बौद्ध’ असे निःसंकोच लिहावे. तो आपला नागरी हक्क आहे. परंतु त्या शब्दाच्या उसन्या मापाने धम्म मोजू नये. बाबासाहेबांनी आपला ग्रंथ इंग्रजीत लिहिला, तरी त्याच्या नावात ‘धम्म’ हा पाली शब्द जसाच्या तसा ठेवला. भाषांतर करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हा दंडक पाळणे अगत्याचे आहे.