सेन्सरचा आकडा खरा की ग्लुकोमीटरचा?

दंडावर चिकटवलेल्या नाण्याएवढ्या सेन्सरवरून मोबाइलमध्ये साखरेचा आकडा पाहणारे मधुमेही रुग्ण शहरांत आता नवलाईचे राहिलेले नाहीत. मात्र त्याच वेळी बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर तपासणी केली, तर अनेकदा निराळाच आकडा येतो आणि यंत्र बिघडल्याची शंका घेतली जाते. इन्सुलिनची मात्रा याच आकड्यावरून ठरत असल्याने हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. मात्रा जादा झाल्यास साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. कमी झाल्यास साखर चढलेलीच राहते.

मोजमाप कशाचे?

ग्लुकोमीटर बोटातील केशवाहिन्यांच्या रक्तातले ग्लुकोज मोजतो. सेन्सरचा बारीक तंतू रक्तवाहिनीत नसतो. तो त्वचेखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असतो. बहुतेक सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या साहाय्याने सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो व त्यावरून आकडा काढला जातो. रक्तातील ग्लुकोज या द्रवात पोहोचण्यास वेळ लागत असल्याने सेन्सरचा आकडा साधारणतः ५ ते १५ मिनिटे मागे असतो.

साखर स्थिर असताना या विलंबाने फारसा फरक पडत नाही. जेवणानंतर, व्यायाम करताना किंवा इन्सुलिनचा परिणाम होत असताना मात्र तो वाढतो. साखर दर मिनिटाला ३ मिलिग्रॅमने उतरत असेल आणि विलंब १० मिनिटांचा असेल, तर रक्तात ६५ असताना सेन्सर ९५ दाखवू शकतो. येथे यंत्रात दोष नसतो. पण रुग्णाच्या दृष्टीने हा फरक गंभीर ठरतो.

अचूकतेचे निकष

बोटाच्या तपासणीचा आकडाही काटेकोर नसतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असताना ग्लुकोमीटरचे ९५ टक्के निष्कर्ष प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत, तर १०० व त्यावरील पातळीवर १५ टक्क्यांच्या आत असावे लागतात. म्हणजे साखर २०० असताना ग्लुकोमीटरने १७० किंवा २३० दाखवले, तरी तो मानकात बसतो.

सेन्सरसाठी संदर्भ आकड्यापासून पडणाऱ्या सापेक्ष फरकाची सरासरी काढली जाते. तिला ‘मार्ड’ म्हणतात. ही टक्केवारी जितकी कमी, तितका सेन्सर अचूक. फ्रीस्टाइल लिब्रेच्या पहिल्या पिढीत ती ११.४ टक्के होती. नंतरच्या प्रमुख सेन्सरमध्ये ती ८ ते १० टक्क्यांच्या आसपास आली. मात्र ही सरासरी आहे. एखादा आकडा याहून बराच चुकू शकतो.

अमेरिकेत १९९९ मध्ये मंजुरी मिळालेल्या पहिल्या सेन्सरची नोंद डॉक्टरांना काही दिवसांनंतर पाहता येत असे. डिसेंबर २०१६ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने डेक्सकॉम जी-५ च्या आकड्यावरून, बोटाच्या तपासणीविना, उपचार ठरवण्यास प्रथमच मान्यता दिली.

चुका दोन्हीकडे

फळ कापलेल्या न धुतलेल्या हाताने तपासणी केल्यास ग्लुकोमीटरचा आकडा खोटा वाढतो. मुदत संपलेल्या किंवा उष्ण, दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या दगा देतात. रक्तक्षय असणाऱ्यांत अनेक ग्लुकोमीटर प्रत्यक्षापेक्षा अधिक साखर दाखवतात.

सेन्सर बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवशी आकडे कमी विश्वासार्ह असतात. त्या कुशीवर झोपल्याने दाब पडून साखर उतरल्याचा खोटा इशारा मिळू शकतो. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही सेन्सरचा, तर पॅरासिटामॉलने अन्य काही सेन्सरचा आकडा वाढतो. म्हणून सोबतचे माहितीपत्रक वाचणे इष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये अ‍ॅबट कंपनीने लिब्रे-३ व लिब्रे-३ प्लसचे काही सेन्सर चुकीने कमी आकडा दाखवू शकतात, असे जाहीर करून ते बदलण्याची सूचना केली होती.

बोटाची तपासणी केव्हा करावी?

- घाम, थरथर, चक्कर अशी लक्षणे आहेत, पण सेन्सर साखर ठीक दाखवतो तेव्हा; अथवा याच्या उलट.
- साखर उतरल्यावर गोड घेऊनही १५ मिनिटांनी सेन्सरचा आकडा वर येत नसेल तेव्हा.
- सेन्सर नवा असताना, किंवा आकडा वा बाण दिसत नसताना.
- आकडा अनपेक्षित असून त्यावरून इन्सुलिनची मोठी मात्रा घ्यायची असेल तेव्हा.

दोन्ही यंत्रांची तुलना करायची झाल्यास साखर स्थिर असताना, बाण आडवा असताना, हात धुऊन व पुसून करावी. जेवणानंतर तासाभराने केलेली तुलना निरर्थक ठरते.

दर ५ मिनिटांनी नोंद घेणारा सेन्सर दिवसाला २८८ आकडे देतो. रात्रीची घसरण किंवा जेवणानंतरची चढण त्यातूनच दिसते. बोटाची तपासणी त्या क्षणाची साक्ष देते. त्वचा न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळ व अंगठ्यांची गोष्ट वेगळी. अशा एकाही उपकरणाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. सेन्सर वापरणाऱ्यांनीही घरात ग्लुकोमीटर व मुदतीतल्या पट्ट्या ठेवाव्यात आणि औषधातील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.