वाहनदीपांचे युरोपीय मानकानुसार रूपांतर
मोटारीच्या मागील वळणदर्शक दिव्यांस तांबडा रंग देण्याची जी मुभा अमेरिकेत आहे ती युरोपात नसल्यामुळे, अमेरिकी मोटारीस स्वतंत्र नारिंगी दर्शक बसविण्याची क्रिया. थांबणे व वळणे यांची सूचना एकाच तांबड्या काचेतून मिळू लागली, तर मागील चालकास त्यांतील भेद क्षणभर उमगत नाही, आणि तोच क्षण घातक ठरतो. म्हणून मिनिटास ६० ते १२० वेळा उघडझाप करणाऱ्या नारिंगी दर्शकाचा दंडक सर्वथा इष्ट होय. केवळ काच बदलून भागत नाही. तारांची जोडणीही अलग करावी लागते. भारतातही नारिंगी दर्शकच विहित असून, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये वाहनांचे नमुने तपासून दाखला देणाऱ्या संस्थांत अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा अंतर्भाव होतो.