जुन्या हार्डवेअरचे समर्थन थांबवणे (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

जुन्या हार्डवेअरचे समर्थन थांबवणे म्हणजे जुने प्रोसेसर किंवा उपकरणे चालवण्यासाठी लिहिलेला कोड सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून काढून टाकणे होय. मुक्तस्रोत प्रकल्पांत असा निर्णय सामान्यतः देखभालकर्ते खुल्या चर्चेनंतर घेतात. कोड सुटसुटीत व सुरक्षित राखणे आणि जुनी यंत्रे वापरात ठेवणे, या दोन उद्दिष्टांतील ओढाताण त्यातून दिसते.

कारणे

जुन्या प्रोसेसरमध्ये नसलेल्या सोयींसाठी कोडमध्ये पर्यायी मार्ग ठेवावे लागतात. मूळ रचना बदलली की हे मार्गही तपासावे लागतात. मात्र चाचणीसाठी तशी यंत्रे क्वचितच उपलब्ध असतात. न तपासलेल्या कोडमध्ये दोष दडून राहतात.

याउलट, भिन्न प्रकारच्या यंत्रांवर चालवल्याने एरवी लक्षात न येणारे दोष उघड होतात, असेही अनेक प्रोग्रामर मानतात. त्यामुळे समर्थन थांबवल्याने गुणवत्ता वाढतेच असे नाही.

प्रमुख उदाहरणे

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल इंटेल ८०३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिहिले. त्याच प्रोसेसरचे समर्थन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३.८ या आवृत्तीतून काढण्यात आले. तुलना व अदलाबदल एकाच अखंड क्रियेत करणारी, ८०४८६ पासून उपलब्ध झालेली आज्ञा त्यात नव्हती. बहुप्रोसेसर यंत्रांसाठीच्या कोडमध्ये त्यामुळे अडचणी येत. जानेवारी २०२४ मधील ६.७ या आवृत्तीतून इटेनियम प्रोसेसरचे समर्थनही वगळले गेले. फेडोराने २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून ३२-बिट इंटेल संगणकांसाठी कर्नेल देणे थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही अशा संगणकांसाठी कर्नेल व इन्स्टॉलर नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात येथील शाळेत सुरू झाला (अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका वेगळा). तेथील एक्सओ-१ लॅपटॉपमध्ये ३२-बिट एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. त्याची कार्यप्रणाली फेडोरावर आधारलेली होती. फेडोराने ३२-बिट कर्नेल थांबवल्यावर या वर्गातील यंत्रांना तिच्या नव्या आवृत्त्या मिळण्याचा मार्ग बंद झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने डेबियनच्या निर्णयांचा परिणाम तिच्यावरही होऊ शकतो.

परिणाम व पर्याय

समर्थन थांबल्यावर यंत्र लगेच बंद पडत नाही. जुनी आवृत्ती चालू राहते. मात्र तिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले की ते यंत्र इंटरनेटला जोडणे धोक्याचे ठरते. याची झळ जुने किंवा दान मिळालेले संगणक वापरणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना अधिक बसते. दीर्घकालीन देखभालीच्या आवृत्त्या वापरणे, इंटरनेटविना टंकलेखन व शैक्षणिक कामांसाठी यंत्र ठेवणे, किंवा जुने हार्डवेअर सांभाळणाऱ्या नेटबीएसडीसारख्या प्रणालीकडे वळणे, हे पर्याय उरतात. मुक्तस्रोत परवान्यामुळे काढलेला कोड पुन्हा जोडून स्वतंत्रपणे चालवण्याचा अधिकार कोणालाही असतो. तथापि त्यासाठी कुशल मनुष्यबळ लागते. त्यामुळे हा अधिकार आणि तो वापरण्याची क्षमता यांत अंतर राहते.