साल्मोनेला, डुकरांचा ताप आणि अठरा वर्षांची चूक

मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या प्रत्येकाने साल्मोनेला हे नाव ऐकलेलं असतं. ते डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याच्या आडनावावरून आलं, हेही काहींना माहीत असेल. पण हा जिवाणू ज्या रोगाचं कारण म्हणून गाजला, त्याचं खरं कारण तो नव्हताच. संशोधनात यायचा विचार करत असाल तर ही गोष्ट नीट बघा. यात कुणी आळस केला नव्हता, कुणी डेटा फिरवला नव्हता, आणि तरीही उत्तर चुकलं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत डुकरांमध्ये एक साथ वारंवार यायची. जोराचा ताप, कातडीवर जांभळट डाग, आतड्यात व्रण, आणि कळपच्या कळप साफ. लोक तिला 'हॉग कॉलरा' म्हणत. माणसांच्या कॉलऱ्याशी तिचा काहीही संबंध नाही. १८८४ मध्ये तिथल्या कृषी खात्यात पशुरोगांसाठी वेगळा ब्युरो निघाला. साल्मन त्याचे प्रमुख होते आणि प्रयोगशाळेत काम करत होते थिओबाल्ड स्मिथ. १८८५ मध्ये आजारी डुकरांतून एक जिवाणू वेगळा काढला गेला. त्याचं शुद्ध कल्चर निरोगी डुकरांना दिलं की तीही आजारी पडत, मरत. म्हणजे रोग्यात जिवाणू सापडला, तो वेगळा वाढवला, आणि त्याने पुन्हा आजार झाला. कॉखच्या कसोट्या पुऱ्या! तुम्ही-आम्हीसुद्धा पेपर लिहायलाच बसलो असतो.

पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. पहिली: कल्चर टोचून आजारी पाडलेल्या डुकरापासून शेजारच्या डुकराला रोग होत नसे. शेतावरचा रोग मात्र वणव्यासारखा पसरायचा. दुसरी: साथीतून वाचलेलं डुक्कर पुन्हा त्या रोगाला बळी पडत नसे, पण जिवाणूपासून केलेल्या लसीने शेतावर संरक्षण मिळत नव्हतं.

मधल्या काळात, १८९८ मध्ये, जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवलं की जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातं. आता तपासायला एक नवा मार्ग हाताशी होता. १९०३ मध्ये त्याच ब्युरोतल्या डी श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी आयोवातल्या साथीतल्या डुकरांचं रक्तद्रव गाळलं. गाळलेल्या द्रवात तो जिवाणू नव्हता. तरीही तो टोचल्यावर निरोगी डुकरं आजारी पडली, त्यांच्यापासून इतरांना लागण झाली, आणि जी वाचली ती सुरक्षित राहिली. न जुळणाऱ्या दोन्ही गोष्टी एकदम जुळल्या. कारण होता विषाणू.

मग जिवाणू काय करत होता? हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो, प्रतिकारशक्ती पाडतो. त्या संधीचा फायदा घेऊन जिवाणू आत शिरायचा. तो स्वतःही रोगकारक आहे, म्हणून प्रयोगात डुकरं मरायची. पण साथ आणणारा तो नव्हे. त्याच्या नावात 'कॉलेरीसुइस', म्हणजे डुकरांच्या कॉलऱ्याचा, हा शब्द आजही तसाच आहे.

खरं कारण कळल्यावर डॉर्सेट यांच्या गटाने रोगप्रतिकारक सीरम तयार केलं आणि १९०७ मध्ये आयोवातल्या एम्स इथे त्याच्या शेतावरच्या चाचण्या झाल्या. पुढे १९७८ मध्ये अमेरिका या रोगातून मुक्त जाहीर झाली. त्याआधीच्या अठरा वर्षांत शेतकऱ्यांची डुकरं मात्र मरतच राहिली.

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. या रोगाला आज क्लासिकल स्वाइन फीवर म्हणतात आणि ईशान्य भारतात तो नेहमीचा आहे. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला. लक्षणं जवळपास तीच, पण विषाणू अगदी वेगळ्या कुळातला: एकाचा जीनोम आरएनएचा, दुसऱ्याचा डीएनएचा. पहिल्याची लस दुसऱ्यावर चालत नाही. नुसतं बघून निदान केलं तर फसगत ठरलेली, म्हणून पीसीआर दोन्हींसाठी करावा लागतो. क्लासिकलचा विषाणू सापडला, की ५' टोकाचा न भाषांतरित होणारा भाग आणि ई२ जनुकाचा तुकडा सिक्वेन्स करून स्ट्रेन १.१, २.१ की २.२ उपगटातला हे ठरवतात. भारतात हे तिन्ही सापडले आहेत.

पण सिक्वेन्स काय सांगतो? विषाणूचे नातेवाईक कोण, हे सांगतो. कळप त्यानेच मारला का, हे एकटा सिक्वेन्स सांगत नाही. त्यासाठी लागण कशी पसरली, कोण वाचलं, सोबत आणखी काय होतं, हेही बघावं लागतं. तेव्हा जेलवर हवा तो बँड दिसला की लगेच वही मिटू नका. जे जुळत नाही त्यासाठी एक पान कोरं ठेवा आणि तारीख घालून लिहीत जा.